तीन जबाब, एक भाषा

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मनुष्यास पुढे काय करावयाचे आहे, हा प्रश्न आमच्याकडे वडीलधारी माणसे विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता ‘मास्तरकी’ असे स्वतःच सांगून टाकीत. मला मास्तरकी करावयाची नव्हती. व्यावहारिक मराठी, अनुवाद आणि प्रशासकीय लेखन या विषयांत मला गुण उत्तम होते, भाषा संचालनालयाने घडविलेले पारिभाषिक शब्द मुखोद्गत होते, आणि एवढ्या भांडवलावर कोणत्याही कचेरीत आपले अडणार नाही, असा एक सुखद भ्रम मी दोन वर्षे जोपासला होता. पदवी हाती पडल्यावर वनहक्काचे दावे तयार करून देणाऱ्या एका संस्थेत मला लेखनिकाचे काम मिळाले, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर मी ठाकुरवाडीस जाऊन पोहोचलो. (कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत या नावाच्या वाड्या एकीहून अधिक आहेत, त्यांपैकी ही कोणती, ते मी सांगत नाही.)

२००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा मागतो, आणि त्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तीत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब हाही पुरावा म्हणून धरलेला आहे. ज्या समाजाजवळ कागद नाही त्याच्या स्मरणाला कायद्याने कागदाची प्रतिष्ठा दिली, ही गोष्ट मला फार उदात्त वाटली होती. परंतु त्या स्मरणाचा कागद करणारा हात माझा होता, आणि घोटाळा त्या हातानेच केला.

तीन वृद्धांचे जबाब घ्यावयाचे होते. कुडाच्या घराच्या ओटीवर ते एकामागून एक बोलले, आणि मी पेन टेबलावर ठेवावे तसे मांडीवर ठेवून, अर्धे लक्ष देऊन ऐकले. कारण ‘मजकूर’ मला समजला होता आणि उरले होते ते केवळ त्याला नीट भाषा देणे. पहिले म्हातारबा म्हणाले, “आमी दळीवर नाचणी करतो, बाप करायचा, आजा करायचा.” दुसऱ्याने राब कोठे भाजत ते सांगितले, वरीचे वर्ष आणि नाचणीचे वर्ष यांचा क्रम सांगितला. तिसरी एक आजी होती. तिने शेताच्या चारी हद्दी झाडांच्या आणि पाण्याच्या नावांनी हातवारे करून दाखविल्या. रात्री मुक्कामावर येऊन मी तिघांचेही जबाब लिहून काढले: ‘सदर वनक्षेत्रातील कृषियोग्य भूखंडावर आमच्या पूर्वजांची वहिवाट अव्याहतपणे चालत आलेली आहे.’ वाक्य मला इतके आवडले की तिन्ही कागदांवर तेच ठेवले, फक्त नावे व वये बदलली.

काही महिन्यांनी दावा नामंजूर होऊन आला. जबाब एकाच मजकुराचे आहेत आणि त्यांवरून जुन्या ताब्याचा बोध होत नाही, असा त्यावर शेरा होता. मला प्रथम राग आला, नंतर संस्थेतील एका जुन्या कार्यकर्त्याने मला फक्त एक प्रश्न विचारला, “ते ‘दळी’ म्हणाले होते का?”

रायगड जिल्ह्यात दळी म्हणजे वाटेल तो तुकडा नव्हे. इंग्रजी अमदानीत वनखात्याने ठाकूर-कातकरी कुटुंबांना डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी लागवडीस दिलेली जमीन ती दळी, आणि तिची नोंद बहुधा गटाच्या नाइकाच्या नावाने खात्याच्या दप्तरात असते. म्हणजे म्हातारबांच्या तोंडून जो एक शब्द निघाला होता तोच त्या ओटीपासून जुन्या दप्तरापर्यंत जाणारी वाट होता, आणि मी तो ‘भूखंड’ करून पुसून टाकला होता. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचणाऱ्या पंडितांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी अर्ज, जबाब आणि दाखला कचेरीत आजही ठाण मांडून आहेत. शब्द दप्तराला चिकटतो तो त्याच्या कुलशीलामुळे नव्हे, हे मी परीक्षेत लिहिले होते. लिहिले होते खरे.

भाषा आणि संज्ञापन यांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन व्यवसायात उतरू पाहणारे विद्यार्थी हल्ली मला सल्ला विचारतात. मी त्यांना एवढेच सांगतो की प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी त्या विभागात जाऊन चौकशी करावी: दोन वर्षांत एकदा तरी बोलत्या माणसासमोर वही घेऊन बसवितात काय, ध्वनिमुद्रण ऐकून अक्षरशः उतरून घ्यावयास लावतात काय, आणि लिहिलेले त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखविण्याची शिस्त आहे काय. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा बोलींची पाहणी प्रसिद्ध केली. ती पुस्तके व्याकरणासाठी वाचा अगर वाचू नका, पण बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द सुधारण्याचा मोह तेथे कसा आवरला आहे, तेवढे अवश्य पाहा. ज्या क्षेत्रात पोट भरावयाचे त्याचे दप्तरही वाचता आले पाहिजे. जमिनीच्या कामात सातबारा आणि फेरफार, रुग्णालयात केसपेपर, बँकेत कर्जाचा करारनामा. सुंदर मसुदा लिहिण्याची कला शेवटच्या सत्रात शिकली तरी चालते. माझ्या मते तिला पहिल्या वर्षी हात लावू देऊच नये, पण हे कोणी ऐकावयाचे नाही.

नामंजुरीविरुद्ध वरच्या समितीकडे दाद मागण्यास साठ दिवस असतात. त्यांतले बरेच माझ्या रागात गेले होते. मी पुन्हा वाडीवर गेलो, तिघांपुढे पुन्हा बसलो, आणि या वेळी पेन मांडीवर न ठेवता बोलणे चालू असतानाच उतरून घेतले. तीन कागद तीन लांबींचे झाले. मग ते एकेक करून वाचून दाखविले. आजीच्या कागदावर पूर्वेची हद्द आली तेव्हा तिने हात वर केला.

“वढा नाय मास्तर, वहाळ. वढा पल्याड हाय.”

मी ‘ओढा’ खोडून वर ‘वहाळ’ लिहिले. खाडाखोडीशेजारी सही लागते, म्हणून तिने शाईत बोट पुन्हा बुडवून तेथे दुसरा अंगठा उमटविला, आणि पश्चिमेची हद्द वाचण्यास सांगितले.