रानातील विद्या

ज्याला लिहितावाचता येते तोच ज्ञानी, असा एक समज रूढ आहे. खानदेशाने तो केव्हाच खोटा ठरविला आहे. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरी १९५२ साली त्यांच्या कविता प्रसिद्ध झाल्या, तेव्हा रसिक थक्क झाले. पुस्तकाबाहेरची अशीच एक विद्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील रानांत नांदते.

साक्री तालुक्यात बारीपाडा हे आदिवासींचे लहानसे गाव आहे. बेसुमार तोडीमुळे तेथील जंगल उजाड झाले होते व पाण्याचे दुर्भिक्ष पडले होते. १९९० नंतरच्या वर्षांत श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी स्वतःच नियम करून जंगल राखले. वृक्ष वाढले, पाणी मुरले आणि रानभाज्यांना पुन्हा आसरा मिळाला.

परंतु भाजी उगवली म्हणून ती ताटात येतेच, असे नाही. ती जाणणारे माणूस हवे. कर्टुल्याचा नर वेल निराळा व मादी वेल निराळा. फळे मादी वेलास येतात; पण नर वेल निरुपयोगी समजून उपटला, तर फळेच धरत नाहीत. जमिनीतील कंद राखला, तर पुढील पावसाळ्यात वेल पुन्हा फुटतो. शेवळांच्या भाजीत आंबट घातले नाही, तर घसा खाजतो. असे बारकावे आजी नातीला शिकवीत आली. नात रानात जाईनाशी झाली, की पिढ्यान्‌पिढ्यांची ही ठेव लोपते.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक शैलेश शुक्ला वनौषधींविषयीच्या लोकज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी बारीपाड्यास आले होते. त्यांच्या व ग्रामस्थांच्या विचारविनिमयातून २००४ साली तेथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा सुरू झाली. स्त्रिया रानातील भाज्या रांधून आणतात आणि त्यांची माहितीही सांगतात. तेथे विद्वान श्रोता होतो आणि निरक्षर आजी गुरू होते.

आपले अन्न आपण ठरवावे, या हक्काला अन्नस्वायत्तता म्हणतात. पण ज्या भाजीचे नावच आपण विसरलो, ती खाण्याचा हक्क असून उपयोग काय? म्हणून रानाइतकीच रानाची विद्याही जपली पाहिजे.

स्वाध्याय
१. कर्टुल्याचा नर वेल का राखावा?
२. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच रानभाज्यांची माहिती लिहा.