चारिझार्डला काढण्याआधी

पनवेल,
६ जुलै २०२५

चि. अथर्व यास,


परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, आगीचे पोकेमॉन नुसते दिसायला भारी. मी चारिझार्डला टीममधून काढतोय." ते बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. टीम तुझी आहे, कोणाला ठेवायचं ते तूच ठरव. पण पोकेमॉन शोडाऊन या साइटवरच्या तुझ्या लढतींचे जे रिप्ले तू पाठवलेस, ते पाहून माझं मत झालं आहे की चारिझार्ड कमजोर नाही. तू त्याला चुकीच्या वेळी आणतोस आणि एकट्याला लढायला लावतोस.

आधी टाइपांचा हिशेब पक्का कर. आगीचा मार गवत, बर्फ, कीटक आणि पोलाद यांना दुप्पट लागतो. पाणी, खडक, ड्रॅगन आणि स्वतः आग यांना तो निम्माच लागतो. उलट पाणी, जमीन आणि खडक यांचा मार आगीला दुप्पट बसतो. एवढं तुला पाठ आहे. पण आगीला निम्मा मार कोणाकोणाचा लागतो, हे विचारलं तर तू अडखळशील. आग, गवत, बर्फ, कीटक, पोलाद आणि फेअरी, हे ते सहा टाइप. आगीचा पोकेमॉन मैदानात आणायची खरी संधी यांच्या मारावरच मिळते. आधीचा साथीदार पडल्यावर त्याच्या जागी चारिझार्ड पाठवायची तुला सवय लागली आहे, ती सोड.

एक उदाहरण देतो. समोर सिझॉर आहे आणि तो बुलेट पंच मारणार असं दिसतंय. हा पोलादी मार आहे. तू आर्केनाईनला आत आणलंस तर मार निम्मा लागतो, शिवाय आर्केनाईनच्या इंटिमिडेटमुळे सिझॉरचा अटॅक एका पायरीने उतरतो. सिझॉर कीटक आणि पोलाद असा दुहेरी, म्हणजे आगीचा मार त्याला चौपट. समोरचा खेळाडू त्याला ठेवणार नाही, परत बोलावणार आणि बहुधा गार्चॉम्प आणणार. इथे तू डोळे मिटून फ्लेमथ्रोवर दाबतोस. तो ड्रॅगनला निम्माच लागतो आणि पुढच्या टर्नला अर्थक्वेक खाऊन आर्केनाईन जातो. त्याऐवजी त्या टर्नला विल-ओ-विस्प वापर. १०० पैकी ८५ वेळा ती लागते. भाजलेल्या गार्चॉम्पच्या शारीरिक मूव्हचा मार निम्मा होतो आणि दर टर्नच्या शेवटी त्याची सोळाव्या हिश्शाएवढी एचपी जाते. मग आर्केनाईनला परत बोलाव आणि उडणारा एखादा पोकेमॉन आण, कारण अर्थक्वेक त्याला लागतच नाही. या दोन-तीन टर्नमध्ये आर्केनाईनने कोणालाही पाडलं नाही, तरी लढत तुझ्याकडे झुकली.

आपल्या रायगडात कबड्डी तू लहानपणापासून बघतो आहेस. चांगला चढाईपटू समोरच्या अंगणात रेंगाळत नाही. गडी टिपतो, मध्यरेषा ओलांडून परत येतो आणि पुन्हा चढाईला जातो. आगीचा पोकेमॉन असाच खेळवायचा असतो.

पण परत आणायचं तर येण्याची वाट मोकळी हवी, आणि तुझा चारिझार्ड नेमका तिथेच मरतो. २००६ च्या डायमंड आणि पर्ल या खेळांपासून स्टेल्थ रॉक ही मूव्ह आली. समोरच्याने ती एकदा टाकली की तुझ्या बाजूला येणाऱ्या प्रत्येकाला दगड लागतात. साध्या पोकेमॉनची आठवा हिस्सा एचपी जाते, नुसत्या आगीच्या टाइपची चौथा हिस्सा. चारिझार्ड आग आणि उडणारा असा दुहेरी, म्हणून त्याची थेट निम्मी जाते. वर तू त्याला लाईफ ऑर्ब दिला आहेस, जो त्याचीच एचपी खातो. दुसऱ्यांदा त्याला आणायला उरतं काय? २०१९ च्या सोर्ड आणि शील्डपासून हेवी-ड्यूटी बूट्स मिळतात. लाईफ ऑर्बऐवजी ते घातले की दगड लागत नाहीत. मारात थोडी घट येईल, ती सोस. शिवाय रॅपिड स्पिन किंवा डीफॉग येणारा एक जण टीममध्ये ठेव, म्हणजे दगड साफ होतील.

टीममध्ये एक गवती पोकेमॉनही हवा. आगीला पाणी, जमीन आणि खडक यांचा धाक असतो आणि गवताचा मार या तिघांनाही दुप्पट बसतो. गवताला आग, बर्फ आणि कीटक यांचा त्रास, ते मार आगीला निम्मेच लागतात. दोघे एकमेकांच्या जागी येत राहिले तर समोरच्याला सोयीची मूव्ह सापडत नाही. राहिले विष आणि उडणारे टाइप. त्यांच्यासाठी पोलादी साथीदार घे. विषाचा मार पोलादाला लागतच नाही आणि उडणाऱ्यांचा निम्मा लागतो.

हवामानाचंही लक्षात ठेव. लढतीत पाऊस पडला की आगीचा मार निम्मा होतो, ऊन पडलं की दीडपट. उन्हात पाण्याचा मारही निम्मा होतो. ऊन ५ टर्न टिकतं, ते आणणाऱ्याकडे हीट रॉक असेल तर ८. पेलिपर पाऊस घेऊन आला, तर तो पाऊस संपेपर्यंत चारिझार्डला मागे ठेव. पोकेमॉन गोबद्दल तू विचारलं होतंस, तेही सांगतो. इथे वडाळे तलावाच्या काठी पाऊस असेल तर पाण्याचे पोकेमॉन बळावलेले दिसतात, पण खेळाडूंच्या आपसातल्या लढतींत बाहेरच्या हवामानाचा काही परिणाम होत नाही. तिथे पावसाला घाबरू नकोस.

मूव्ह निवडताना मोठ्या आकड्याला भुलू नकोस. फायर ब्लास्टची ताकद ११०, पण ती १०० पैकी १५ वेळा चुकते. फ्लेमथ्रोवरची ताकद ९० आणि ती सहसा चुकत नाही. ज्या प्रतिस्पर्ध्याला फ्लेमथ्रोवर पाडू शकत नाही आणि फायर ब्लास्ट पाडतो, असा कोणी नेहमी समोर येत असेल तरच फायर ब्लास्ट घे. डॅमेज कॅल्क्युलेटर त्यासाठीच आहे, अंदाजाने ठरवू नकोस.

जागतिक स्पर्धेत दोन-दोन पोकेमॉनच्या लढती होतात. सहांच्या टीममधून चारच निवडायचे असतात. तिथे वर्षानुवर्षं आगीच्या टाइपातला सर्वांत भरवशाचा गडी म्हणजे २०१६ च्या सन आणि मून या खेळांतून आलेला इन्सिनेरोअर. त्याच्या ज्वाळांपेक्षा त्याची बाकीची कामं लोकांना हवी असतात. आत येताना तो समोरच्या दोघांचा अटॅक उतरवतो, आल्या टर्नला फेक आऊटने एकाची पाळी वाया घालवतो आणि पार्टिंग शॉटने समोरच्याला आणखी दुबळं करून स्वतः बाहेर पडतो. त्याचे सामने पाहा आणि तो किती वेळा मार न देता बाहेर जातो ते मोज.

आता वागण्याबद्दल. सलग दोन लढती हरलास की फोन ठेव. रागात दाबलेली प्रत्येक मूव्ह समोरच्याला आधीच दिसते. जिंकलास तरी समोरच्याला "चांगला खेळलास" असं लिही. आणि शाळेचा अभ्यास झाल्याशिवाय खेळायला बसू नकोस, नाहीतर तुझी आई मला जाब विचारेल आणि तिचं बरोबर असेल.

पुढच्या लढतीआधी वहीत तीन गोष्टी लिही: चारिझार्ड कोणाच्या मारावर आत येईल, समोर कोण आलं की लगेच बाहेर जाईल आणि दगड कोण साफ करील. या तिन्हींची उत्तरं असतील तर त्याला ठेव. एकाचंही उत्तर नसेल तर आधी टीम दुरुस्त कर, मग चारिझार्डचा निर्णय घे. दिवाळीत पनवेलला ये, समोरासमोर बसून खेळू.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा