लहान मुलांच्या हातीं टाळ

गांवच्या मंडळींत भजनास आरंभ झाला म्हणजे टाळ व मृदंग वडील माणसांकडे असतात, आणि पांचसहा वर्षांचीं मुलें पुढें सतरंजीवर बसून नुसतीं पाहत राहतात. एखाद्यानें टाळाकडे हात नेला तर "ठेव तें खालीं" असें त्यास दरडावण्यांत येतें. टाळ कांहीं मातीचा नाहीं! रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं भजन-कीर्तनाची देशी रीत आमच्या उपासनेंत रूढ करण्यास मोठा हातभार लावला. मग तिचा ठेका मुलांस लहानपणींच कां देऊं नये?

तरी आरंभ वाद्यानें करूं नये. प्रथम टाळ्या, मग मांडीवर थाप, मग पायांचा ठेका. जर्मनीचे संगीतकार कार्ल ओर्फ (१८९५–१९८२) ह्यांनीं मुलांसाठीं जी पद्धति घालून दिली तींतही शरीराच्या ह्या नादांस मोठें स्थान आहे. शिक्षकानें एक ते आठ मात्रा मोजाव्या व मुलांनीं एक, तीन, पांच, सात ह्यांवर टाळी द्यावी. केवळ समेवर टाळी देणें सोपें वाटतें, पण तें लहानांस कठीण जातें. मधला अवकाश लांबला म्हणजे त्यांचा धीर सुटतो.

येथें माझी एक चूक सांगितली पाहिजे. शब्बाथ शाळेंत एक सहा वर्षांची मुलगी नेहमीं गाण्याच्या पुढें धांवे. मीं तिच्या हातांतील टाळ काढून घेतला व शेजारच्या मुलास दिला. त्यानंतर कित्येक आठवडे तिनें गाण्यास तोंडही उघडलें नाहीं. पुढें एकदां ती अंगणांत पावलें टाकीत चालली असतां मीं तिच्या पावलांबरोबर सहज टाळी धरली, तों ठेका अगदीं बिनचूक जमला! लहान मुलांची स्वाभाविक गति मोठ्यांहून जलद असते, आणि आमचीं भजनें तर संथ. दोष तिचा नव्हता. तेव्हांपासून मी आधीं मुलांस चालावयास लावतों, त्यांच्या चालीवरून लय घेतों, व गाणें तीस जुळवितों. संथ लय मग महिन्या दोन महिन्यांनीं आपोआप येते.

वाद्यांसाठीं पैसा लागत नाहीं. नारळाच्या दोन करवंट्या घासून गुळगुळीत कराव्या. वीतभर लांबीच्या बांबूच्या दोन कांड्या पुरतात. त्यांचीं टोकें मात्र घासून घ्यावीं. वाळलेल्या भोपळ्यांत किंवा लहानशा डब्यांत मूठभर ज्वारी घातली कीं खुळखुळा होतो, पण झांकण खळ व फडकें लावून पक्कें बंद करावें, कारण दोनतीन वर्षांचें मूल दाणा नाकांत किंवा तोंडांत घालतें. टाळ देतांना दोरी धरावयास शिकवावें. धातूच मुठींत धरली तर नाद तेथेंच मरतो. बंद खोलींत टाळांची एकच जोडी वाजवावी, फार टाळ कोंवळ्या कानांस बाधतात. पावसाळ्यांत डफाचें कातडें सैल पडतें, तें निखाऱ्यांवर दुरून शेकावें, व हें काम वडील माणसानेंच करावें.

सर्वांस एकदम वाद्यें वांटलीं तर गोंगाट व भांडण हींच निपजतात. अर्ध्यांनीं वाजवावें, अर्ध्यांनीं गावें, आणि प्रत्येक कडव्याअंतीं वाद्य उजवीकडच्या सोबत्यास द्यावें. शिक्षकानें गुडघ्यांवर हात ठेवले कीं सर्वांनीं थांबावें. हा खेळ मुलांस वाजविण्याइतकाच आवडतो. निर्गमाच्या १५व्या अध्यायांत मिर्याम डफ घेते आणि इतर स्त्रिया तिच्यामागें निघतात, ती गोष्ट ह्याच वेळीं सांगून मुलांस अंगणांतून ओळीनें चालवावें.

वर्गांत ऐकूं न येणारें मूल असेल तर त्यास बाजूस बसवूं नये. डफाच्या कडेस त्याचा तळहात टेकवूं द्यावा. ठोका त्याच्या हातास कळतो, व थोड्याच दिवसांत तें इतरांच्या बरोबरीनें वाजवूं लागतें.