माहिती आहे, पण मिळते काय?
कार्यालयातील अंतर्गत संगणक-जाळ्याचे मूल्यमापन

१. अंतर्गत जाळे म्हणजे काय

मोठ्या संस्थेत काम करणाऱ्या माणसाला दिवसाकाठी अनेक वेळा एखादी लहानशी माहिती हवी असते. रजेचा अर्ज कोणत्या नमुन्यात करावयाचा, अमुक यंत्र थांबविताना प्रथम कोणती झडप बंद करावयाची, प्रवासभत्त्याचे चालू दर कोणते, असे ते प्रश्न असतात. पूर्वी त्यांची उत्तरे परिपत्रकांच्या फायलींत, सूचनाफलकावर आणि जुन्या कारकुनांच्या स्मरणात असत. आता बहुतेक मोठ्या कचेऱ्यांत, कारखान्यांत व रुग्णालयांत त्यांसाठी संगणकांचे एक अंतर्गत जाळे असते. त्यास इंट्रानेट असे म्हणतात.

इंटरनेट सर्व जगास खुले असते, तर इंट्रानेट केवळ त्या संस्थेतील माणसांपुरते असते. दोहोंचे तंत्र मात्र एकच आहे. खासगी जाळ्यांच्या उपयोगासाठी संगणकांच्या पत्त्यांचे तीन गट १९९६ साली निश्चित करण्यात आले. १०, १७२ व १९२ या अंकांनी आरंभ होणारे त्या गटांतील पत्ते निरनिराळ्या संस्थांना आपापल्या भिंतींच्या आत पुनःपुन्हा वापरता येतात. एकाच नावाची गल्ली अनेक गावांत असावी, तसाच हा प्रकार होय.

असे जाळे उभारणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. ते नीट चालविले जाते किंवा नाही आणि त्याचा खराखुरा उपयोग होतो किंवा नाही, हे ठरविणे मात्र अवघड आहे. ते कसे ठरवावे, हाच या पुस्तिकेचा विषय आहे.

२. गरज कोठून निर्माण झाली

जिनीव्हाजवळ सर्न ही अणुकेंद्रीय संशोधनाची युरोपीय संस्था आहे. तेथे अनेक देशांतील शास्त्रज्ञ येतात, काही काळ काम करतात आणि परत जातात. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपल्या वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. माणसे साधारणतः दोन वर्षे राहून निघून जातात व त्यांच्याबरोबर माहितीही नाहीशी होते, ही अडचण त्यांनी त्यात मांडली होती. कागद कोठेतरी असे. परंतु तो कोठे आहे हे सांगणारा माणूस गेलेला असे. या अडचणीवर योजलेल्या उपायातूनच पुढे विश्वव्यापी जाळे, म्हणजे वेब, निर्माण झाले. आरंभीच्या काळात सर्नमधील माणसांना त्याचा उपयोग पटला तो संस्थेची दूरध्वनी-यादी पाहण्यासाठी. नेहमी लागणारी एक साधी गोष्ट चटकन व बिनचूक मिळू लागली, एवढ्यानेच लोक नव्या साधनाकडे वळले.

३. लिहिलेली माहिती आणि पोहोचलेली माहिती

माहिती वेळेवर पोहोचली नाही तर काय होते, याचे एक दारुण उदाहरण उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल व वायूच्या फलाटावर घडले. ६ जुलै १९८८ रोजी तेथील एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढून तिच्या जागी तात्पुरते झाकण बसविले होते. पंपाच्या देखभालीचा परवाना एक होता आणि झडपेच्या कामाचा परवाना दुसरा. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीच्या माणसांनी पहिला पंप सुरू करण्याचे ठरविले. झडप काढलेली आहे, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. त्या झाकणापाशी गळती होऊन स्फोट झाला, असे लॉर्ड कलन यांच्या चौकशीत सर्वांत संभाव्य कारण ठरले. या दुर्घटनेत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालात १०६ शिफारशी होत्या.

त्या फलाटावरील परवाने कागदी होते. तेथे इंट्रानेट नव्हते. तथापि या घटनेतून मिळणारा धडा संगणकालाही तितकाच लागू पडतो. झडपेविषयीची नोंद लिहिलेली होती, पण ज्याला तिची गरज होती त्याच्या हाती ती पडली नाही. म्हणून अंतर्गत जाळ्याची परीक्षा करताना ‘त्यावर काय ठेवले आहे’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कामाच्या वेळी योग्य माणसाला योग्य व चालू माहिती मिळते काय’, असे विचारले पाहिजे.

४. भेटींची संख्या फसवी का ठरते

एखादे पान किती वेळा उघडले गेले, हे यंत्र आपोआप मोजते. ही संख्या सहज मिळत असल्याने वार्षिक अहवालात तीच मिरविली जाते. परंतु एकाच पानावर एक माणूस दहा वेळा आला, तर ते पान त्याला आवडले असेल किंवा दहाही वेळा त्यास हवे ते सापडले नसेल. उलटपक्षी, आग लागली असता काय करावे याचे पान वर्षभरात दोनदाच उघडले गेले, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. ग्रंथालयाच्या दारातून किती माणसे आत गेली यावरून त्यांतील कितींना हवा तो ग्रंथ मिळाला हे कळत नाही. तसेच हे आहे.

५. कार्य-परीक्षा

खरे मोजमाप करण्याचा सोपा मार्ग म्हणजे माणसांना प्रत्यक्ष काम देऊन पाहणे. समजा, एका कारखान्यातील पाच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी सहा प्रश्न दिले आणि त्यांची उत्तरे अंतर्गत जाळ्यावरून शोधावयास सांगितली. एकूण ३० प्रयत्न झाले. त्यांपैकी २१ वेळा योग्य व चालू उत्तर मिळाले, ५ वेळा काहीच मिळाले नाही आणि ४ वेळा रद्द झालेले जुने परिपत्रक सापडले व तेच खरे मानले गेले. येथे यशाचे प्रमाण ७० टक्के आहे.

वरवर पाहता पाच अपयशे ही चार चुकांहून मोठी वाटतात. वस्तुतः चार चुकाच अधिक धोक्याच्या आहेत. ज्याला उत्तर मिळाले नाही, तो शेजाऱ्यास विचारतो. ज्याला चुकीचे उत्तर मिळाले, तो कोणासही न विचारता निःशंकपणे कामाला लागतो. यंत्राच्या हिशेबी मात्र या चार भेटीही यशस्वीच ठरतात. यास्तव परीक्षेत ‘सापडले नाही’ आणि ‘चुकीचे सापडले’ यांचे रकाने वेगळे ठेवावेत.

केवळ पाच माणसे पुरतात काय, अशी शंका येईल. नील्सन व लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरीने ३१ टक्के दोष उघडकीस आणतो. म्हणजे १०० दोषांपैकी पहिल्या माणसानंतर ६९ उरतात, दुसऱ्यानंतर सुमारे ४८, तिसऱ्यानंतर ३३, चौथ्यानंतर २३ आणि पाचव्यानंतर १६. पाच माणसांच्या परीक्षेत सुमारे ८४ टक्के दोष समजतात. ही सरासरी आहे, नियम नव्हे. शिवाय ती दोष शोधण्यापुरतीच खरी धरावी. यशाचे प्रमाण नेमके ठरवावयाचे असल्यास अधिक माणसे लागतात. कारकून, तंत्रज्ञ व चौकीदार यांच्या गरजा भिन्न असल्यामुळे प्रत्येक वर्गाची परीक्षा निराळी घ्यावी.

६. शोधाची परीक्षा

जाळ्यावर शब्द लिहून शोध घेण्याची सोय असते. तिच्या परीक्षेची रीत सायरिल क्लेव्हरडन यांनी इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे केलेल्या प्रयोगांतून रूढ झाली. त्यांच्या पहिल्या मोठ्या प्रयोगात १८,००० लेख व १,२०० प्रश्न घेऊन सूचीकरणाच्या चार पद्धतींची तुलना करण्यात आली होती.

या रीतीत दोन गोष्टी मोजतात. समजा, बाष्पक-तपासणीविषयी जाळ्यावर एकूण १० उपयुक्त कागद आहेत. शोध घेतल्यावर २० कागद पुढे आले व त्यांपैकी ८ उपयुक्त निघाले. दहांपैकी आठ हाती लागले, म्हणून शोधाची संपूर्णता ८० टक्के. पुढे आलेल्या विसांपैकी आठच कामाचे, म्हणून अचूकपणा ४० टक्के. सामान्यतः एक वाढवावयास जावे तर दुसरा घटतो. जे शब्द लिहूनही लोकांना काहीच मिळाले नाही, त्यांची यादी दरमहा अवश्य पाहावी. कर्मचारी ‘पगारपत्रक’ शोधीत असेल आणि पानावर ‘वेतन-विवरण’ असे लिहिले असेल, तर दोष शोधणाऱ्याचा नव्हे.

७. व्यवस्थेची परीक्षा

उपयोग चांगला व्हावा यासाठी व्यवस्था चांगली असावी लागते. तिच्या परीक्षेसाठी कोणतीही ५० पाने चिठ्ठ्या टाकून निवडावीत व प्रत्येकाविषयी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) या पानाची जबाबदारी कोणत्या पदावर आहे? केवळ व्यक्तीचे नाव पुरत नाही. बदली झाली की पान पोरके होते.
(आ) ते शेवटचे केव्हा तपासले आणि पुन्हा केव्हा तपासावयाचे, या तारखा त्यावर आहेत काय?
(इ) त्याच विषयाची दुसरी प्रत अन्यत्र आहे काय? दोन प्रती असल्या की त्यांतील एक आज ना उद्या शिळी होते.
(ई) रद्द झालेला आदेश ठळक शिक्का मारून निराळ्या ठिकाणी ठेवला आहे काय?
(उ) पाहण्याचा अधिकार ज्याला हवा त्यालाच आहे काय? संस्था सोडून गेलेल्याचा अधिकार त्याच दिवशी काढून घेतला जातो काय?

आपल्या देशात सार्वजनिक प्राधिकरणांच्या बाबतीत या व्यवस्थेला कायद्याचेही अधिष्ठान आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये अभिलेख सूचीबद्ध करून व निर्देशांकासह ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. जी कचेरी आपल्याच माणसाला आपला आदेश दाखवू शकत नाही, ती नागरिकाला तो कसा दाखविणार?

८. जाळ्याबाहेरची माणसे

मूल्यमापनात एक वर्ग हमखास विसरला जातो. यंत्रावर उभे राहून काम करणारा कामगार, वाहनचालक, सफाई-कर्मचारी यांच्यापुढे दिवसभर संगणक नसतो. त्यांचे प्रश्न यंत्राच्या नोंदीत उमटतच नाहीत. भारतासारख्या देशात भाषेचाही प्रश्न आहे. सुरक्षेच्या सूचना केवळ इंग्रजीत असतील आणि त्या वाचावयाच्या कामगाराला तमिळ, बंगाली किंवा मराठीच वाचता येत असेल, तर ते पान त्याच्यापुरते कोरेच आहे. कोण येतो याबरोबरच कोण येत नाही व का येत नाही, हेही प्रत्यक्ष जाऊन विचारले पाहिजे.

९. उपसंहार

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांत ग्रंथांच्या साठवणुकीपेक्षा त्यांच्या उपयोगास अग्रस्थान दिले, आणि वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरविले. अंतर्गत जाळे हेही एक ग्रंथालयच आहे. त्यातील ग्रंथ तेवढे रोज बदलतात. म्हणून त्याचे मूल्यमापन एकदा करून संपत नाही. दरवर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारून गतवर्षीच्या उत्तरांशी ताडून पाहावे लागतात. पाने किती वाढली यापेक्षा चुकीची उत्तरे किती घटली, हे ज्या अहवालात प्रथम सांगितलेले असेल, तो अहवाल विश्वसनीय समजावा.

अभ्यासासाठी

१. आपल्या शाळेच्या सूचनाफलकावरील दहा सूचना पाहा. मुदत संपलेल्या किती व ज्यांवर तारीखच नाही अशा किती, ते मोजा.
२. पाच विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून प्रत्येकी चार प्रश्नांची उत्तरे शोधावयास सांगा. ‘मिळाले’, ‘मिळाले नाही’ व ‘चुकीचे मिळाले’ असे तीन रकाने करून शेकडा प्रमाण काढा.
३. एका शोधात ३० कागद पुढे आले. त्यांपैकी १२ उपयुक्त होते. एकूण उपयुक्त कागद १६ असल्यास शोधाची संपूर्णता व अचूकपणा काढा. (उत्तर : ७५ टक्के व ४० टक्के.)