रसिकांची सभा

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक दाराकडे वळतात. पडद्यावरचा खेळ तेथे थांबतो. परंतु त्याच वेळी दुसरा एक खेळ सुरू होतो. "शेवट असा व्हायला नको होता," असे एकजण म्हणतो. "तोच तर खरा शेवट!" असे दुसरा उत्तर देतो. वाटेवर, घरच्या जेवणाच्या पंगतीत आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात हा वाद रंगत राहतो. चित्रपट पाहण्याइतकाच त्यावर बोलण्याचाही आनंद मोठा असतो. मात्र असे बोलणे ही एक कला आहे आणि इतर कलांप्रमाणे तीही शिकावी लागते.

आपल्या देशात ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे पहिल्यांदा दाखविण्यात आली. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांसमोर आणला. तेव्हापासून चित्रपटाची गोडी खेडोपाडी पसरत गेली. तथापि चित्रपट म्हणजे केवळ घटकाभराची करमणूक, त्याविषयी गंभीर विचार तो काय करायचा, अशी बहुतेकांची समजूत होती. कविता वर्गात शिकविली जाई, चित्रांची प्रदर्शने भरत, गायनाच्या बैठका होत; पण चित्रपटाचे रसग्रहण करण्यास अशी जागा क्वचितच मिळे. "छान होता" किंवा "कंटाळा आला" एवढ्यावर बोलणे आटोपत असे.

ही उणीव दूर करण्यासाठी काही रसिक एकत्र आले. लंडनमध्ये १९२५ साली अशा प्रेक्षकांनी एक फिल्म सोसायटी, म्हणजे चित्रपट मंडळ, स्थापन केले होते. भारतात स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, कोलकात्यात असेच एक मंडळ निघाले. त्याचे नाव 'कलकत्ता फिल्म सोसायटी'. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता व त्यांचे काही मित्र यांनी ते उभारले. राय त्या वेळी एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी करीत होते. 'बॅटलशिप पोटेमकिन' हा रशियन मूकपट या मंडळाने प्रथम दाखविला.

अशा मंडळांचा कारभार साधाच असे. सभासद वर्गणी देत. त्या पैशांतून जागेचे भाडे आणि चित्रपट मागविण्याचा खर्च भागे. नेहमीच्या चित्रपटगृहांत न येणारे देशोदेशींचे चित्रपट प्रयत्नपूर्वक मिळवले जात. खेळ संपला की सभासद लगेच पांगत नसत. दिग्दर्शकाने ही गोष्ट अशीच का सांगितली, अमुक प्रसंगी संगीत का थांबले, कॅमेरा एका चेहऱ्यावर इतका वेळ का रेंगाळला, अशा प्रश्नांवर चर्चा चाले. सर्वांचे एकमत होई असे मुळीच नाही. किंबहुना एकमत होत नसे म्हणूनच या सभांना रंग चढे.

सत्यजित राय यांची एक सवय येथे सांगण्याजोगी आहे. एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघणार अशी जाहिरात झाली, की ते त्या कादंबरीवरून स्वतःच एक पटकथा लिहून काढीत. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर तो पाहत आणि आपल्या पटकथेशी ताडून पाहत. दिग्दर्शकाने कोणता प्रसंग गाळला, कोणता वाढविला, हे त्यांना अशा रीतीने नेमके कळे. केवळ दुसऱ्याची चूक काढणे सोपे असते, "मी असतो तर काय केले असते?" हा प्रश्न स्वतःला विचारणे अवघड असते. राय यांनी तो अवघड मार्ग पत्करला.

१९५० साली नोकरीच्या निमित्ताने राय लंडनला गेले. तेथील मुक्कामात त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्यांतील 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन चित्रपटाने त्यांच्या मनाची पकड घेतली. व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९४८ साली तो तयार केला होता. त्याची कथा अगदी साधी आहे. रोम शहरातील एका बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. त्या कामासाठी सायकल हवीच. आणि पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. आपल्या लहान मुलाला बरोबर घेऊन तो शहरभर सायकल शोधतो, पण ती सापडत नाही. अखेर निराश होऊन तो स्वतःच एक सायकल चोरू पाहतो आणि पकडला जातो. त्याच्या मुलाकडे पाहून सायकलचा मालक त्याला सोडून देतो. अपमानाने खचलेल्या बापाचा हात मुलगा आपल्या हातात घेतो.

या माणसाला चोर म्हणावे काय? एक प्रेक्षक म्हणेल, "चोरी ती चोरीच. ज्याची सायकल त्याने उचलली, तोही कदाचित तितकाच गरीब असेल." दुसरा म्हणेल, "चोरी वाईट खरीच. पण ज्या परिस्थितीने भल्या माणसावर ही पाळी आणली, तिला दोष कोण देणार?" दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. चित्रपट निकाल देत नाही. तो प्रेक्षकाला विचार करावयास लावतो. या चित्रपटात नायकाचे काम करणारा मनुष्य व्यवसायाने नट नव्हता. तो कारखान्यातील कामगार होता. नामांकित नट आणि भव्य देखावे यांवाचूनही उत्तम चित्रपट निघू शकतो, हे राय यांनी त्यावरून जाणले.

पुढे १९५५ साली राय यांचा 'पथेर पांचाली' हा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. बंगालमधील एका खेड्यातील गरीब कुटुंबाची ती कहाणी आहे. १९५६ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात त्याचा सन्मान झाला. पण त्याच्यावरही मतभेद झालेच. आपल्या देशाचे दारिद्र्य परक्यांना दाखवू नये, असे काहींचे म्हणणे पडले. जे खरे आहे ते सहानुभूतीने दाखविण्यात लाज कसली, असे इतरांनी विचारले. थोर कलाकृतीही टीकेपासून सुटत नाही, आणि टीका झाली म्हणून तिचे थोरपण उणावत नाही.

कोलकात्याचे उदाहरण पाहून इतर शहरांतही अशी मंडळे निघाली. १९५९ साली कोलकाता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा व रुडकी येथील मंडळांनी मिळून एक महासंघ स्थापन केला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. चिटणिसाच्या कामाचा भार उचलणाऱ्यांत विजया मुळे होत्या. मुंबईत जन्मलेल्या या विदुषीने पाटणा आणि दिल्ली येथील मंडळांसाठी अतोनात श्रम घेतले. पुढे १९७४ साली 'एक अनेक और एकता' हा मुलांसाठीचा सुंदर बोलपट त्यांनी तयार केला. एकजुटीने पारध्याचे जाळे उचलून नेणाऱ्या पक्ष्यांची त्यातील गोष्ट दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि जुने चित्रपट जतन करण्याची सोय झाली. मुंबईत १९६८ साली 'प्रभात चित्र मंडळ' निघाले आणि मराठी रसिकांना हक्काचे व्यासपीठ लाभले.

आता चित्रपटावर चर्चा कशी करावी, हे एका मराठी चित्रपटाच्या आधारे पाहू. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला. विष्णुपंत दामले व फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची आणि गौरी यांनी जिजाईची भूमिका केली. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

हा चित्रपट पाहून आलेल्या तीन मित्रांची कल्पना करावी. पहिला म्हणतो, "मला चमत्कार पटले नाहीत. तुकोबांचा मोठेपणा त्यांच्या अभंगांत आहे. त्यांना गरुडावर बसविण्याची काय गरज?" दुसरा म्हणतो, "त्या काळच्या भाविकांच्या मनात तुकोबांचे जे रूप होते, तेच पडद्यावर आणले आहे. चमत्कार काढून टाकले तर त्या लोकांची श्रद्धा कशी कळेल?" तिसरा बराच वेळ ऐकत असतो. तो म्हणतो, "तुम्ही दोघेही तुकोबांकडेच पाहता. मला जिजाई दिसली. घरात पोरे उपाशी असताना संसार कोणी चालवायचा? ती रागावते, विठोबाशीही भांडते. पण अखेरीस मुलांसाठी तीच मागे राहते. मला तर तिचीही थोरवी वाटली."

तिसऱ्या मित्राने पहिल्या दोघांपैकी कोणाचेही मत खोडले नाही. दोघांनाही न दिसलेली एक गोष्ट त्याने पुढे ठेवली. पहिले दोघे पुन्हा तो चित्रपट पाहतील, तेव्हा त्यांचे लक्ष जिजाईकडे गेल्यावाचून राहणार नाही. चर्चेचे खरे फळ हेच होय. माणूस स्वतःच्या दोन डोळ्यांनी चित्रपट पाहतो. मित्रांशी बोलल्यावर तोच चित्रपट तो अनेक डोळ्यांनी पाहू लागतो.

या चित्रपटाविषयीची आणखी एक गोष्ट बोधप्रद आहे. त्यातील एक गीत शांताराम आठवले यांनी लिहिले होते. ते तुकोबांच्या वाणीशी इतके जुळून गेले, की तो तुकोबांचाच अभंग आहे असे अनेकांनी धरून चालले. आता ते गीत गोड आहे की नाही, हा आवडीचा प्रश्न झाला. त्यावर दहा जणांची दहा मते असू शकतात. परंतु ते तुकोबांच्या गाथेत आहे की नाही, हा आवडीचा प्रश्न नव्हे. तेथे आवाज चढवून उपयोग नाही. गाथा उघडून पाहावी लागते. मत कोणते आणि वस्तुस्थिती कोणती, हे ओळखले की निम्मे वाद तेथेच मिटतात.

उरलेल्या वादांसाठी काही पथ्ये पाळावीत. "आवडला" आणि "चांगला आहे" यांत फरक आहे, हे ध्यानात ठेवावे. एखाद्याला विनोदी चित्रपट आवडतात, म्हणून गंभीर चित्रपट वाईट ठरत नाही. मत देताना कारण द्यावे आणि कारण देताना चित्रपटातील प्रसंगाचा दाखला द्यावा. चित्रपट अर्धाच पाहिला असेल, तर संपूर्ण चित्रपटावर निकाल देऊ नये. ज्याने तो अद्याप पाहिला नाही, त्याच्यापुढे शेवट उघड करून त्याचा आनंद हिरावून घेऊ नये. दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकावे आणि ते पटले तर तसे मोकळेपणाने सांगावे. मत बदलणे हा पराभव नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टीका चित्रपटावर करावी, तो आवडणाऱ्या माणसावर करू नये. "हा चित्रपट मला रुचला नाही" असे म्हणण्याने कोणी दुखावत नाही. "तुला काही कळत नाही" असे म्हणण्याने मैत्री तुटते.

कधी कधी याहून कठीण प्रसंग येतो. सगळा वर्ग एखाद्या चित्रपटाची स्तुती करीत असतो आणि एखाद्याच मुलाला तो आवडलेला नसतो. आपण हास्यास्पद ठरू या भीतीने तोही इतरांबरोबर मान डोलावतो. असे करण्यात त्याचे नुकसान होतेच. पण वर्गाचेही होते, कारण एक निराळी दृष्टी सर्वांना अंतरते. म्हणून एकट्याचे मत असले तरी ते नम्रपणे मांडण्याचे धैर्य हवे, आणि ते शांतपणे ऐकून घेण्याचे औदार्य इतरांच्या अंगी हवे. लहानपणी चित्रपटासारख्या आवडीच्या विषयावर ज्यांना ही सवय जडते, ते मोठेपणी ग्रामसभेत, कारखान्यात आणि लोकसभेतही मतभेद सभ्यपणे हाताळू शकतात.

स्वाध्याय

१. चित्रपट मंडळे कशासाठी स्थापन झाली? त्यांचा कारभार कसा चाले?

२. कादंबरीवर चित्रपट निघणार असे कळताच सत्यजित राय काय करीत? त्यापासून त्यांना कोणता लाभ झाला?

३. सायकल चोरू पाहणाऱ्या माणसाविषयी तुमचे मत कारणांसह लिहा. नंतर तुमच्या विरुद्ध मताच्या बाजूनेही तितकीच वाक्ये लिहा.

४. मत आणि वस्तुस्थिती यांतील फरक पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

५. वर्गातील सर्वांनी पाहिलेला एक चित्रपट निवडा व पाठात सांगितलेली पथ्ये पाळून त्यावर चर्चा करा. चर्चेनंतर तुम्हांला नव्याने दिसलेली एक गोष्ट वहीत नोंदवा.