नदीचे वाण

पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ ची आठवण निघते. धरण फुटले, पुण्यात हाहाकार उडाला, पुढे धरण पुन्हा उभे राहिले. पण आंबी नदी अडली तेव्हा तिच्यातील माशांचे काय झाले, हे विचारताना कोणी फारसे दिसत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी प्रश्न घरचाच आहे, म्हणून विचारतो.

आमचे आजोबा जुन्या नदीतील माशांची नावे एका दमात सांगतात: खडशी, कोळस, नकटा. वडिलांच्या जाळ्यात मात्र कटला, रोहू आणि चिलापी येते. पहिले दोन गंगेकडचे, तिसरी मूळची आफ्रिकेची. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर लेख प्रसिद्ध केला. नावे देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. खडशीचे, म्हणजे दख्खनी महसीरचे, ‘टॉर खुद्री’ हे नाव त्यातलेच, आणि तो मासा त्याला मिळाला पुण्याजवळच्या मुळा-मुठेत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचे शब्द असे जगाच्या ग्रंथांत जाऊन बसले!

आता आनुवंशिक विविधता म्हणजे काय? आपल्या भाताचेच पाहा. सगळ्या खाचरांत एकच वाण लावले आणि त्यावर रोग आला, तर सगळेच पीक जाते. चार वाणे असली तर एखादे तरून जाते. माशांच्या एकाच जातीतही असे वाण असतात. कोणाला गढूळ पाणी सोसते, कोणाला ऊन, कोणाला रोग. ही शिदोरी पिढ्यान् पिढ्या रक्तातून पुढे जाते.

खडशी पावसाळ्यात वाहत्या, स्वच्छ पाण्याकडे वर चढते आणि दगडगोट्यांत अंडी घालते. धरणाची भिंत तिला चढता येत नाही. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, मुठेवर टेमघर आणि खडकवासला. एका नदीकुळाचे असे तुकडे झाले. तुकड्यात उरलेल्या थोड्या माशांची आपसांतच वीण होते. भावकीत सोयरीक का करीत नाहीत, हे खेड्यात कोणाला शिकवावे लागत नाही.

मग बाहेरून बीज आणून सोडावे, हा उपाय सुचतो. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास होत आली. ते काम मोठेच आहे. परंतु थोड्या माद्यांपासून झालेली लाखो पिल्ले ही शेवटी भावंडेच. शिवाय ती कोठे सोडली, हेही पाहावे लागते. लोणावळ्याची खडशी कावेरीत सोडली गेली. तेथे पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंहून अधिक वाढणारा महसीर होता. पाहुणी खडशी फोफावली आणि घरचा मासा दुर्मिळ होत गेला. २०१८ साली तो ‘टॉर रेमादेवी’ या जातीचा असल्याचे निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. नाव कळायला आणि जीव जायला एकच गाठ! उलट, पूर्वी संकटग्रस्त मानलेली खडशी नव्या यादीत ‘कमी चिंते’ची ठरली. मला हा दिलासा पुरा पटत नाही. कावेरीत पुष्कळ खडशी आहे, म्हणून आंबीतली वाचली असे होत नाही.

घाटाखाली महाड तालुक्यात वाळण कोंडीच्या डोहात महसीर देवीचे म्हणून राखले जातात. त्यांना कोणी जाळे लावत नाही. असे राखलेले डोह म्हणजे बियाण्याची कोठारेच. पण तेथले मासे आणून इथे सोडावेत असे मात्र मी म्हणणार नाही. ती नदी पश्चिमेला जाते, आमची पूर्वेला. मध्ये सह्याद्री उभा आहे. दोहोंचे वाण एकच आहे की नाही, हे आधी तपासले पाहिजे.

तपासणी अवघड नाही. पराचा एवढासा तुकडा पुरतो. मासा जिवंत परत सोडता येतो आणि तुकड्यातील डीएनएवरून त्याचे कूळ वाचता येते. आमच्या महाविद्यालयात ती सोय नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाला, जेथे ओढे अजून मोकळे वाहतात, तेथे पावसाळ्यात खडशी कोठे चढते हे दाखवायला आजोबा तयार आहेत. प्राणिशास्त्राच्या कोणा प्राध्यापकांनी यावे, भाकरी आमच्याकडे.