काळा-पांढरा फोटो हिरवट का येतो?



आपल्यातल्या काही गटांनी झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं काम धरलं आहे. आधारची प्रत, पासपोर्ट फोटो, हळदीकुंकवाची पत्रिका, हे सगळं आता हातात बसलं आहे. एक काम मात्र अजून अडतं. ते म्हणजे जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोची नवी प्रत.

पितृपक्षाच्या आधी वाडा रोडकडच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या आईचा एकच फोटो घरात उरला होता, तोही कोपऱ्यात चुरगळलेला. मी स्कॅन केला, कलर प्रिंटरवर चकचकीत कागदावर मोठा काढला. काकूंनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "अगं, आई आजारी दिसतेय." खरंच होतं. चेहऱ्यावर हिरवट झाक आली होती. त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. मग हे काम नीट शिकले, तेच आज सांगते.

करडा रंग येतो कुठून?

जुन्या स्टुडिओतल्या फोटोत चांदीचे बारीक कण असतात. कण दाट तिथे काळं, विरळ तिथे करडं. त्यात रंगांची मिसळ नसते. आपल्या प्रिंटरचं तसं नाही. त्यात चार शाया असतात: निळी (सायन), गुलाबी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी. फोटो काढताना प्रिंटर बऱ्याचदा पहिल्या तीन शायांचे थेंब शेजारी-शेजारी टाकून करडा रंग बनवतो. तिघींचं प्रमाण बरोबर असेल तर करडा. एकीचं जरा कमी-जास्त झालं की झाक येते. रंगीत फोटोत ही चूक साडीच्या रंगात लपून जाते. काळ्या-पांढऱ्यात लपायला जागाच नसते.

आधी नोझल तपासा

कामाला बसण्याआधी प्रिंटरच्या मेंटेनन्समध्ये जाऊन 'नोझल चेक' काढा. रेघा तुटक आल्या तर ती शाई पूर्ण उतरत नाही. कोणती शाई कमी पडते ते फोटोची झाकच सांगते:

- झाक हिरवी, तर गुलाबी कमी.
- झाक लालसर, तर निळी कमी.
- झाक निळी-जांभळी, तर पिवळी कमी.

मग 'हेड क्लीनिंग' करा, पण लागोपाठ दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नको. त्यात शाई फुकट जाते. तरीही रेघ तुटत असेल तर प्रिंटर काही तास तसाच ठेवा आणि पुन्हा तपासा.

कागदाचं नाव खरं सांगा

प्रिंट देताना 'पेपर टाइप' विचारतात, तिकडे आपण बघतच नाही. पण कोणती शाई किती टाकायची हे प्रिंटर त्यावरूनच ठरवतो. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई दाट कणांची असते आणि ती चकचकीत कागदावर धरत नाही. म्हणून 'ग्लॉसी' निवडलं की प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवून तीन रंगांतूनच काळं बनवतो. आणि ग्लॉसी कागद घालून 'प्लेन' निवडलं तर काळी शाई वर तरंगते आणि बोट लागताच पसरते.

यावरून एक सोपा मार्ग निघतो. भिंतीवर लावायचा फोटो असेल तर मॅट कागद घ्या, सेटिंगमध्येही मॅटच निवडा आणि 'ग्रेस्केल' वर खूण करा. तेव्हा प्रिंटर काळ्या शाईवर जास्त भर देतो, झाक कमी होते. गालावर, कपाळावर, म्हणजे उजळ भागात, बारीक ठिपके दिसू शकतात, पण चार हातांवरून ते कळत नाहीत.

ग्लॉसीच हवा असेल तर

मग चाचणीची पट्टी काढावी लागते. ती अशी:

१. जुना फोटो रंगीतमध्येच स्कॅन करा. साधा फोटो ३०० डीपीआयला, अगदी छोटा असेल तर ६००ला. मूळ फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फ्रेमसकट मोबाइलवर नीट उजेडात टिपा.

२. फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये त्याचा रंग पूर्ण काढून टाका. कागद पिवळा पडलेला असतो, ती पिवळट झाकही त्यात जाते.

३. चेहऱ्याचा तुकडा आणि शेजारी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच चौकटी, एवढंच एका छोट्या पानावर घ्या. ए-४ कागदाचे चार सारखे तुकडे केले की ए-६ होतो. सेटिंगमध्येही ए-६ निवडा.

४. आता 'ग्रेस्केल' ची खूण काढा, कारण ती असताना रंग कमी-जास्त करायची जागा बहुतेक वेळा बंद असते. 'कलर करेक्शन' किंवा 'कलर अ‍ॅडजस्टमेंट' मध्ये जा. हिरवट असेल तर मॅजेंटा दोन-तीन अंशांनी वाढवा. लालसर असेल तर सायन, निळसर असेल तर पिवळा. एका वेळी एकच रंग हलवा.

५. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेनाने आकडे लिहा. जमलेले आकडे वहीत उतरवा: कोणता कागद, कोणती शाई, किती मॅजेंटा.

हे आकडे त्याच कागदाला आणि त्याच शाईलाच लागू होतात. कागदाची कंपनी बदलली किंवा टाकीत दुसरी शाई ओतली की पट्टी पुन्हा काढायची. दोन कंपन्यांची शाई एका टाकीत कधीच मिसळू नका.

उजेडात नेऊन बघा

दुकानात ट्यूबलाइटखाली मॅचिंगचा ब्लाउजपीस घेतो आणि घरी अंगणात बघितला की साडीशी जुळतच नाही, हा अनुभव कुणाला नाही? तीन रंगांतून बनलेल्या करड्याचंही तसंच होतं. एका दिव्याखाली छान, दुसऱ्याखाली हिरवा. म्हणून प्रिंट आधी सुकू द्या. ओली शाई आणि सुकलेली शाई यांच्या रंगात फरक पडतो. निदान अर्धा तास थांबा, जमलं तर रात्रभर. मग दिवसा खिडकीपाशी बघा आणि नंतर घरातल्या एलईडीखाली बघा. फोटो शेवटी गिऱ्हाइकाच्या घरच्या दिव्याखालीच लागणार आहे.

आपल्या भिवंडीत मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला 'ग्रे' म्हणतात, पण ते दिसतं दुधी-पिवळसर. डोळ्याला सवय झाली की झाक दिसेनाशी होते. म्हणून प्रिंटशेजारी नेहमी एक खरा जुना काळा-पांढरा फोटो ठेवून तुलना करा.

हिशेबाचं काय?

समजा एक ए-४ फोटो कागद १० रुपयांना पडतो. अंदाजाने पाच पूर्ण प्रिंट वाया घालवल्या तर कागदाचेच ५० रुपये गेले, शाई वेगळी. पट्टी काढली तर एकाच कागदात चार चाचण्या होतात, म्हणजे १० रुपये. दर ठरवताना ही पट्टी, स्कॅनिंगचा वेळ आणि वाया गेलेला कागद धरा. नुसत्या प्रिंटचा दर लावलात तर नुकसान गटाचंच.

बाजारात करडी शाई वेगळी असलेले प्रिंटरही आहेत. एप्सनने २००५ मध्येच काळ्या-करड्या तीन शाया एकत्र वापरणारे प्रिंटर आणले. कॅननच्या टाकीवाल्या जी५७० मध्येही करडी शाई असते. त्यात काम सोपं होतं. पण महिन्याला दोन-चारच असे फोटो येत असतील तर त्यासाठी गटातून कर्ज काढू नका. आधी आहे त्या प्रिंटरवर हात बसवा, ऑर्डरी वहीत मोजा, मग बैठकीत विषय घ्या.

गिऱ्हाइकाला एवढं मात्र नक्की सांगा: फोटो काचेच्या फ्रेममध्ये लावा, उन्हाच्या तिरपीसमोर नको. आपल्या साध्या रंगीत शाया उन्हाने विटतात, आणि तिघी सारख्या विटत नाहीत, म्हणून झाक पुन्हा येते.

काकूंना मी नंतर मॅट कागदावर दुसरी प्रत काढून दिली. या वेळी त्यांनी फोटो पदराने पुसला आणि छातीशी धरला. पैसे मी नको म्हणत असतानाही टेबलावर ठेवून गेल्या.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या प्रिंटरची एक पट्टी घेऊन या. खिडकीपाशी बसून सगळ्या मिळून बघू.